औषधाला गुण आला का? योजनेलाही हाच प्रश्न विचारा

तळा तालुक्यातील कुडा येथील बौद्ध लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या २६ लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहे, माळी आहे आणि एक वैद्यही आहे. वैद्य इसिरखित या उपासकाचा मुलगा वैद्य सोमदेव याने तिथे एक लेणे दान दिले. त्या लेखात त्याच्या मुलग्यांबरोबर मुलींचीही नावे आहेत.

शिलालेखावर दान कोणी दिले आणि काय दिले, एवढेच लिहिलेले असते. सोमदेवाच्या औषधाने किती जण बरे झाले, हे तिथे वाचायला मिळत नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. पण आज आपल्या करातून आरोग्याच्या योजना चालतात, वस्तीत शिबिरे भरतात, गोळ्या वाटल्या जातात, कार्डे काढली जातात. तरीही फलकावर लिहिलेले असते ते एवढेच : "शिबिरात ३०० जणांची तपासणी." त्या ३०० पैकी कितींना रक्तदाब निघाला? कितींच्या गोळ्या सुरू झाल्या? सहा महिन्यांनी कितींचा रक्तदाब आटोक्यात होता? आणि एवढ्या कामाला खर्च किती आला? हे कोणी सांगत नाही.

हे प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे हिशोबाने शोधणे, हेच काही माणसांचे आयुष्यभराचे काम असते. त्यांना आरोग्य अर्थतज्ज्ञ म्हणतात. ते नाडी पाहत नाहीत, सुई टोचत नाहीत. डॉक्टर रुग्णाला विचारतो, "औषधाला गुण आला का?" आरोग्य अर्थतज्ज्ञ तोच प्रश्न योजनेला विचारतो. या महिन्याच्या आरोग्य पानावर त्यांचे काम समजून घेऊ. त्यांचे पाच प्रश्न आपल्याला पाठ झाले, तर ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत आपण कोणापुढेही गप्प बसणार नाही.

पहिला प्रश्न : घरचा खर्च धरला का?

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. तळ्याजवळच्या एका वाडीतील आजींना रक्तदाबाच्या गोळ्या आणायला माणगावला जायचे आहे. सोबत मुलगा आहे. वाडीतून तळ्यापर्यंत मिनीडोअरचे ३० रुपये, पुढे एसटीचे ५० रुपये. दोघांचे जाऊन-येऊन ३२० रुपये झाले. आजींची शेतावरची ३५० रुपये मजुरी बुडाली, मुलाची ५०० रुपये बुडाली. चहा आणि वडापावाचे ८० रुपये. एकूण १२५० रुपये.

दवाखान्यात त्यांना काही द्यावे लागले नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. म्हणजे दवाखान्याच्या वहीत या घराचा खर्च शून्य आणि घराच्या हिशोबात १२५०. वर्षातून सहा फेऱ्या झाल्या, तर साडेसात हजार. मग आजी एखादी फेरी चुकवतात. गोळ्या तुटतात, रक्तदाब वाढतो आणि एक दिवस अर्धांगवायूचा झटका येतो. आपण म्हणतो, "म्हातारीने गोळ्या नीट घेतल्या नाहीत." अर्थतज्ज्ञ म्हणतो, "गोळी मोफत होती, पण गोळीपर्यंतचा रस्ता महाग होता."

हाच हिशोब उलट करून पाहा. त्याच गोळ्या गावच्या उपकेंद्रात दर महिन्याला मिळाल्या, तर त्या पोहोचवायला सरकारला थोडा जास्त खर्च येईल. पण घराचे १२५० रुपये वाचतील. सरकारचा आणि घरांचा खर्च एकत्र मांडला, की उपकेंद्रात गोळ्या देणेच स्वस्त पडेल. नुसता सरकारी खर्च पाहिला, तर ते महाग दिसेल. कोणाचा खर्च मोजला, यावर निर्णय फिरतो.

महाराष्ट्रात हा घरचा खर्च घरोघरी जाऊन मोजण्याचे काम लवकर झाले, आणि त्याचा धागा आपल्या रायगडशी जुळतो. मांडवा म्हटले की आपल्याला गेटवेला जाणारी लाँच आठवते. त्याच अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात १९७० च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी एक प्रयोग केला. ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक सर्जन आणि कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात-पाय सुधारणारे डॉक्टर. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना शिकवले, तर त्या गावाच्या आरोग्याचे बरेचसे काम कमी खर्चात करू शकतात, हे त्यांनी तिथे करून दाखवले. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्यावर संशोधन करणारी एक संस्था काढली. त्याच संस्थेतर्फे रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांचा आरोग्यावरचा खर्च मोजला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सरकार माणशी जेवढा खर्च करत होते, त्याच्या कितीतरी पट घरे स्वतःच्या खिशातून करत होती. तोपर्यंत "आरोग्यावरचा खर्च" म्हणजे सरकारचे अंदाजपत्रक, असाच समज होता. घरात विकलेली बकरी आणि गहाण पडलेली डोरली त्या अंदाजपत्रकात नसतात.

आज केंद्र सरकार दरवर्षी राष्ट्रीय आरोग्य लेखे काढते. त्यानुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये शंभरात ६४ रुपये होता. २०२१-२२ मध्ये तो शंभरात ३९ रुपये झाला. सुधारणा आहे. पण त्यात बुडालेली मजुरी धरलेली नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रश्न : कशाशी तुलना केली?

"औषध घेतले आणि ताप उतरला." पण काही ताप औषधाशिवायही उतरतात. म्हणून औषध घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी किंवा दुसरे औषध घेतलेल्यांशी करावी लागते. योजनेचेही तसेच आहे.

आपल्या शेजारच्या महाडचे उदाहरण घेऊ. कोकणातला लाल विंचू आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा या विंचवाच्या दंशाने मुले डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. हृदयावर ताण येऊन मृत्यू येतो, हे त्यांना त्या नोंदींतून दिसले. मग रक्तवाहिन्या सैल करणारी 'प्राझोसिन' ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरायला सुरुवात केली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण जवळजवळ एकावर आले.

पुढे विंचवाच्या विषावरची लसही मिळू लागली. मग प्रश्न आला : गोळी पुरे, की लसही द्यावी? डॉ. बावस्कर यांनी महाडलाच ७० रुग्णांवर तुलना केली. ३५ जणांना नुसती गोळी आणि ३५ जणांना गोळी व लस. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोळी आणि लस दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले. नुसती गोळी मिळालेल्यांना सुमारे १८ तास लागले. दहा तासांच्या आत बरे झालेले पहिल्या गटात ३२ होते, दुसऱ्यात ८. तुलना केली म्हणून लसीचा नेमका फायदा कळला. आता अर्थतज्ज्ञ पुढचा हिशोब मांडू शकतो : वाचलेल्या दहा तासांत खाट लवकर मोकळी होते, जिल्हा रुग्णालयाची गाडी वाचते, घरच्यांचा खाडा वाचतो. त्यासमोर लसीची किंमत ठेवायची.

(जाता जाता आपल्या कामाची गोष्ट. विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे किंवा धाप लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. लहान मुलांना धोका जास्त. दंशाची जागा कापू नये, दोरीने आवळू नये, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. लगेच आरोग्य केंद्र गाठावे. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते, घरी नाही.)

एका रुग्णाच्या औषधाची तुलना अशी करता येते. पूर्ण योजनेची तुलना कशी करायची? त्यासाठी गडचिरोलीला जाऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे काम सुरू केले. त्याआधी अभय बंग यांनी रोजगार हमीच्या मजुरांची किमान मजुरी ठरवताना पागे समितीने केलेल्या हिशोबातील चुका दाखवून दिल्या होत्या. मजुराच्या पोटाला किती लागते, हे कागदावर कमी धरले, तर मजुरीही कमी ठरते. डॉक्टरने आकडेमोड का शिकावी, याचा हा चांगला दाखला आहे.

गडचिरोलीत जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत खूप बाळे दगावत. दवाखाना दूर, रस्ते नाहीत. बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवले : बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, श्वास अडकला तर काय करायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध व इंजेक्शन कसे द्यायचे. ३९ गावांत हे काम केले आणि शेजारच्या ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या. ३९ गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. ४७ गावांत तशी घट झाली नाही. म्हणून ठामपणे म्हणता आले की, हा फरक पावसापाण्याचा किंवा नशिबाचा नाही, त्या शिकवलेल्या बायकांच्या कामाचा आहे. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात १६-१७ दगावत, नंतर ३ च्या आसपास.

हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ मध्ये भारत सरकारने आशाताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला. आज दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्यामागे गडचिरोलीतला तो हिशोब आहे. ती आली नाही, तर विचारायचा आपला हक्क आहे.

तिसरा प्रश्न : एका परिणामामागे किती खर्च?

गडचिरोलीच्या अभ्यासाने खर्चही मांडला. एका बाळामागे ५.३ डॉलर. आणि १९९७-९८ मध्ये १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. आता गुणाकार आपणही करू शकतो : ५.३ गुणिले १८ म्हणजे सुमारे ९५ डॉलर. त्या वेळच्या दराने साडेतीन ते चार हजार रुपये. एवढ्या पैशात एक जीव वाचत होता. एका जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी इमारत बांधायची, की शंभर गावांत अशा बायका शिकवायच्या, हे ठरवताना असा आकडा हाताशी लागतो.

कधी कधी हिशोब आपल्या अंदाजाच्या उलट निघतो. २०१९ चे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, त्याही अर्थशास्त्रज्ञ. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील १३४ गावांत बालकांच्या लसीकरणाचा अभ्यास केला. काही गावांत नेहमीची व्यवस्थाच ठेवली. तिथे १०० पैकी ६ मुलांचे लसीकरण पूर्ण झाले. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर भरवले. तिथे १८ झाले. काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. तिथे ३९ झाले.

ऐकणारा म्हणेल, "डाळ वाटायची म्हणजे खर्च वाढला." प्रत्यक्षात नुसत्या शिबिरात सरासरी खर्च २२०२ रुपये पडला आणि डाळीसह शिबिरात ११०२. असे कसे? नर्सबाईचा पगार, गाडी, बर्फाची पेटी हा खर्च दहा मुले आली तरी तेवढाच आणि तीस आली तरी तेवढाच. मुले जास्त आली, की तो खर्च जास्त मुलांत वाटला जातो. शिवाय या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. आया लसीच्या विरोधात नव्हत्या. एक दिवसाची मजुरी सोडून यायला त्यांना थोडा आधार हवा होता. गरिबाला अडाणी म्हणण्याआधी त्याचा हिशोब समजून घ्यावा, हे हा अभ्यास शिकवतो.

चौथा प्रश्न : कोण मोजले गेले नाही?

सरासरी हा फसवा शब्द आहे. तालुक्यात लसीकरण शंभरात ९० असेल, तर उरलेले १० कोण? ते सगळ्या गावांत सारखे विखुरलेले असतात, की एखाद्या आदिवासी वाडीत, विटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांत आणि आपल्या वस्तीत एकवटलेले असतात? अर्थतज्ज्ञ चांगला असेल, तर तो आकडे जात, लिंग, गाव आणि उत्पन्न यांनुसार फोडून मागतो.

महाराष्ट्रात याचा मोठा धडा २००१ मध्ये मिळाला. १३ स्वयंसेवी संस्थांनी ग्रामीण भाग, आदिवासी भाग आणि शहरांतील झोपडपट्ट्या यांत दोन वर्षे बालमृत्यूंच्या नोंदी ठेवल्या. 'कोवळी पानगळ' या नावाने तो अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदीत न आलेले बालमृत्यू फार मोठ्या संख्येने होते, हे त्यातून दिसले. ज्या बाळाचा मृत्यू वहीत नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसाही नसतो. नोंद ही कागदाची गोष्ट वाटते, पण वस्तीच्या वाट्याचा निधी तिच्यावर ठरतो.

जीवाची किंमत कशी धरायची, हाही याच प्रश्नाचा भाग. जुन्या पद्धतीत माणूस किती कमावतो यावरून त्याच्या आयुष्याचे मोल धरत. मग साहेबाचा जीव महाग आणि सफाई कामगाराचा स्वस्त ठरे. घरकाम करणाऱ्या बाईचा तर हिशोबच लागत नसे. आता बहुतेक अभ्यासांत 'निरोगी आयुष्याचे एक वर्ष' हे माप वापरतात. ते वर्ष बंगल्यातल्या माणसाचे असो की चाळीतल्या, हिशोबात सारखेच धरतात. माप कोणते निवडले, यातही समतेचा प्रश्न असतो.

योजनेचा लाभ गरिबाला खरोखर झाला का, हे शोधण्याची एक चांगली संधी कर्नाटकात मिळाली. तिथे गरीब कुटुंबांसाठीची मोफत शस्त्रक्रियांची योजना आधी उत्तरेकडच्या भागात आली, दक्षिणेत नंतर. नीरज सूद आणि सहकाऱ्यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे निवडून घरोघरी चौकशी केली. योजनेत बसणाऱ्या आजारांनी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत होणारे मृत्यू योजनेच्या गावांत हजारी ३ च्या आसपास होते, पलीकडच्या गावांत हजारी ९. आपल्या राज्यातही जीवनदायी योजना अशीच टप्प्याटप्प्याने आली. २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कार्ड घरात आहे, पण ते कोणत्या रुग्णालयात चालते हे ठाऊक आहे का? ही माहिती आजार येण्याआधी घेऊन ठेवावी.

पाचवा प्रश्न : खर्च कोणी सोसायचा?

हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. बाबासाहेब कायदेपंडित होते हे सगळे सांगतात, पण त्यांची पदवी आणि प्रबंध अर्थशास्त्राचे होते. सरकारचा पैसा केंद्र आणि प्रांत यांच्यात कसा वाटला जातो, यावरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले. गिरणीमालकांवर बोजा पडेल, असा विरोध झाला. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. पण स्त्रीला कामावर ठेवून मालकाचाही फायदा होतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

या युक्तिवादाची मांडणी पाहा. फायदा कोणाकोणाला होतो, हे आधी मोजले. मग त्या प्रमाणात खर्च कोणी उचलायचा, ते ठरवले. बाईवर सगळा भार टाकला, तर ती बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत कामावर जाईल आणि नुकसान सगळ्यांचेच होईल. आरोग्याचे अर्थशास्त्र हे नाव तेव्हा प्रचारात नव्हते, पण विचार तोच होता.

आपल्या मुलामुलींनी हे काम करावे

वस्तीतल्या मुलांपुढे डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस भरती आणि बँकेची परीक्षा एवढेच रस्ते ठेवले जातात. आरोग्य अर्थतज्ज्ञ होता येते, हे कोणी सांगत नाही. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन पदवी केलेले या वाटेने जाऊ शकतात. नर्सिंग, आयुर्वेद किंवा एमबीबीएस केलेलेही पुढे सार्वजनिक आरोग्य शिकून इकडे येतात. मुंबईत गोवंडी-देवनार भागात आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था आहेत. पुण्यात १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. कोणते औषध, कोणते यंत्र सरकारने घ्यावे याचा असाच अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र यंत्रणा उभी केली. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

या कामाला दोन गोष्टी लागतात : गणिताची भीती नसणे आणि लोकांच्या घरात बसून ऐकण्याची सवय. दुसरी गोष्ट आपल्या मुलांकडे आधीच असते. मिनीडोअरचे भाडे किती, खाडा पडला की काय होते, दवाखान्याच्या खिडकीवर कसे बोलतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. असा माणूस तक्ता करायला बसला, तर बुडालेल्या मजुरीचा रकाना त्यात नक्की असेल.

तोपर्यंत आपण काय करायचे?

१. घरात एक वही ठेवा. आजारपणाची प्रत्येक फेरी लिहा : तारीख, कोण, कुठे, प्रवास, औषध-तपासणी, बुडालेली मजुरी, उसने किंवा व्याजाने घेतलेले पैसे. शेवटच्या रकान्यात लिहा : गुण आला का?

२. तीन महिन्यांनी विहारात दहा-पंधरा घरांच्या वह्या एकत्र मांडा. कोणाच्या आजाराची नावे जाहीर करू नका, फक्त बेरजा घ्या. सगळ्यांचा जास्त पैसा कशावर जातो, ते लगेच दिसेल.

३. त्या बेरजा घेऊन गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आणि ग्रामसभेत जा. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाईची पद्धत काही जिल्ह्यांत सुरू झाली. तिथे लोकांनी अशाच नोंदी पुढे ठेवून औषधांचा तुटवडा आणि बाहेरून औषधे लिहून देण्याचे प्रकार मांडले.

४. वस्तीत शिबिर घेणाऱ्यांना, मग ते आपल्याच मंडळाचे असोत, हे विचारा : "निदान झालेल्यांचा पाठपुरावा कोण करणार? सहा महिन्यांनी परत मोजणार का?" उत्तर नसेल, तर शिबिराचा खर्च उपकेंद्रात रक्तदाबाचे यंत्र देण्यावर करणे जास्त उपयोगाचे.

५. वस्तीतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवा. बाळ एका दिवसाचे होऊन गेले असले तरी नोंदवा.

आशाताई आणि नर्सबाईंना जाब विचारण्याच्या आवेशात हे करू नये. त्यांच्यावर कामाचा भार मोठा असतो, आणि गोळ्या वरूनच आल्या नाहीत तर त्या तरी कुठून देणार? आपल्या वहीतल्या बेरजा त्यांनाही वरच्या कार्यालयात दाखवायला उपयोगी पडतील.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वहीची ही गोष्ट काढा. शंभर पानी वही पुरेशी आहे, आणि दहावीतली एखादी मुलगी रकाने आखून देईल.